कंपनीला नको असलेला पाद्री

इंग्रज आले आणि त्यांचा हात धरून पाद्री आले, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिची फेरतपासणी करण्याची गरज कुणाला वाटत नाही. मुंबईपुरते बोलायचे तर पहिल्या अमेरिकन पाद्र्यांना इंग्रजांनी हात दिला नाहीच, उलट मानगूट धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण मुंबई बंदरात उतरले. नॉट यांची पत्नी रोक्साना बरोबर होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यातल्या सरकारने या मंडळींना आधीच देश सोडायला सांगितले होते. ते मुंबईला पोचले आणि पाठोपाठ हुकूमही पोचला: यांना मिळेल त्या जहाजाने इंग्लंडला रवाना करा.

सरकार ख्रिस्ती, पाद्रीही ख्रिस्ती. तरीही सरकारला ते नको होते.

धर्मप्रचार आणि धर्मांतर यांवरचा वाद आपल्याकडे पुन्हा तापला आहे. एकामागून एक राज्ये कायदे करत आहेत, धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला कळवा असे सांगत आहेत, आणि प्रार्थनेसाठी जमलेल्या माणसांकडे संशयाने पाहिले जात आहे. या वादात हॉल यांचे आयुष्य पुढे ठेवावेसे वाटते, कारण दोन्ही बाजूंच्या सोयीच्या गोष्टी त्यात बसत नाहीत. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: उपदेशकाला उत्तर देण्याचे काम समाजाचे आहे, सरकारचे नाही. आणि मराठी समाजाने ते काम हॉल यांच्या काळापासून चोख बजावलेले आहे. ज्या समाजाने एवढ्या ताकदीने ऐकले, वाद घातला, हवे ते घेतले आणि नको ते सोडले, त्याला आज पोलिसाच्या संरक्षणाची गरज आहे असे म्हणणे हा त्या समाजाचा अपमान आहे.

हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावचा. विल्यम्स कॉलेजात ते शिकले. याच कॉलेजात १८०६ साली काही विद्यार्थी पावसात गवताच्या गंजीचा आडोसा धरून प्रार्थनेला बसले होते आणि आशियात जाऊन शुभवर्तमान सांगायचे असे तिथे ठरले होते.  अमेरिकेतून परदेशात मिशनरी पाठवणारी संस्थाच तोवर नव्हती, ती १८१० साली या पोरांच्या आग्रहाखातर निघाली. हॉल याच मंडळींत सामील झाले. कनेक्टिकटमधल्या वुडबरीच्या चर्चच्या मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलावले होते. कायमचे घर, पगार, मान, सगळे होते. त्यांनी नकार दिला. ज्यांची तब्येत बरी नाही, ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे, अशांनी इथे राहावे. मी जमिनीवर झोपू शकतो, उपास काढू शकतो, तेव्हा मी गेलेच पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. निघण्यापूर्वी त्यांनी वैद्यकाची व्याख्यानेही ऐकली. पुढे नाशिकला ती कामी आली.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम इथे पाच जणांना दीक्षा मिळाली: हॉल, नॉट, अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल आणि ल्यूथर राईस. दोन जहाजांतून ते निघाले. न्यूएल यांच्याबरोबर त्यांची पत्नी हॅरिएट होती, अठरा वर्षांची. कलकत्त्याला पाय टेकतात न टेकतात तोच परत जाण्याचा हुकूम आला. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसच्या वाटेला लागली. वाटेत समुद्रावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला हॅरिएटही गेली. तिचे वय एकोणीस. एका माणसालाही तिने अजून शुभवर्तमान सांगितलेले नव्हते.

मिशनऱ्यांबद्दल बोलताना आपण हेतूंची चर्चा फार करतो. साम्राज्याचे हस्तक, पैशाचे बळ, आत्म्यांचा व्यापार. हॅरिएट न्यूएलच्या बाबतीत यांतले काय लागू होते? कंपनीने तिला हाकलले. तिच्यामागे ना तोफ होती ना तिजोरी. तिने जे मानले ते आपल्याला पटो वा न पटो, ते तिने जीव देऊन मानले. एवढे तरी कबूल केल्याशिवाय पुढचा वाद प्रामाणिक होणार नाही.

आता कंपनीची बाजू. कंपनीला व्यापार हवा होता, महसूल हवा होता, आणि शिपायांमध्ये शांतता हवी होती. १८०६ साली वेल्लोरला शिपायांनी बंड केले. पगडीचा नवा नमुना, कपाळावरचे गंध पुसण्याचा आणि दाढीचा हुकूम, यांतून आपल्याला ख्रिस्ती करणार ही भीती पसरली होती. त्यानंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांना पाद्री म्हणजे दारूखान्यातली ठिणगी वाटू लागली. इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनाही कंपनीच्या हद्दीत उघडपणे मिशन चालवता आले नव्हते. १८०० पासून त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला डेन्मार्कच्या निशाणाखाली आसरा घेतला होता. त्यात १८१२ च्या जूनमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. मुंबईत उतरलेले हे दोघे आता नुसते पाद्री राहिले नाहीत, शत्रुराष्ट्राचे नागरिकही ठरले.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हन नेपियन व्यक्तिशः मिशनच्या कामाला अनुकूल होते, पण वरचा हुकूम मोडायची त्यांची तयारी नव्हती. हॉल आणि नॉट अर्जांवर अर्ज करत राहिले. आता काही होत नाही असे दिसल्यावर नोव्हेंबरात दोघे एका किनारी गलबतातून गुपचूप निघाले आणि कोचीनला पोचले. तिथून सिलोन गाठायचा बेत होता. तिथेच त्यांना अडवून मुंबईला परत आणले. अशा रीतीने पळून जाणे बरोबर होते का, यावर त्यांच्या मायदेशातल्या काही हितचिंतकांनाही शंका आली होती. मला त्या पळण्यापेक्षा त्यानंतरचे पत्र महत्त्वाचे वाटते. गव्हर्नरला लिहिलेल्या त्या निवेदनात त्यांनी दयेची भीक मागितली नाही. त्यांचा मुद्दा असा होता की तुम्ही ज्या प्रभूला मानता त्याचीच ही आज्ञा आहे. आम्हाला परत पाठवलेत तर तुम्हाला आणि आम्हाला एकाच न्यायासनापुढे उभे राहून त्याचा जाब द्यावा लागेल. सत्तेपुढे स्वतःच्याच धर्माचा आरसा धरायला धैर्य लागते.

नेपियन यांनी कागद लंडनला पाठवले. तिथे कंपनीच्या संचालक मंडळात चार्ल्स ग्रँट यांनी या दोघांची बाजू उचलून धरली. दरम्यान १८१३ च्या चार्टर अ‍ॅक्टने मिशनऱ्यांना परवान्यावर दार उघडले होते. त्याच कायद्यात शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये राखून ठेवायचे कलमही होते, आणि ती रक्कम कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. सरकारचा हात शाळांकडे वळायच्या आत, सरकारने नाकारलेल्या या माणसांनी मुंबईत शाळा उघडल्या होत्या.

गोव्याचा इतिहास मी विसरलेलो नाही. मराठी आणि कोंकणी मनात पाद्र्याविषयी जी धास्ती आहे ती हवेतून आलेली नाही. पोर्तुगीजांच्या राज्यात धर्मसभा आणि राजसत्ता एकाच खुर्चीवर बसल्या होत्या. देवळे पाडली गेली, अनाथ मुलांना बळजबरीने ख्रिस्ती करण्याचे कायदे झाले, लग्न-मुंजीसारख्या विधींवर बंदी आली, आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. त्या न्यायालयाचा सर्वाधिक जाच नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाच झाला, कारण जुन्या घरच्या चालीरीती पाळल्याचा संशय त्यांच्यावरच घेतला जाई. ते न्यायालय कायमचे बंद झाले १८१२ साली, म्हणजे हॉल ज्या वर्षी अमेरिकेतून निघाले त्याच वर्षी. गोव्यात जे घडले त्याला धर्मप्रचार म्हणणे हीच मुळात गल्लत आहे. तो राज्यकारभार होता, देवाच्या नावाने चालवलेला. शिपाई दारात उभा असताना सांगितलेले शुभवर्तमान शुभ राहत नाही. गोव्याचा दाखला देऊन हॉल यांच्यासारख्यांना धरणारे लोक एक साधा फरक विसरतात: गोव्यातला अन्याय प्रचाराच्या मोकळिकीतून आलेला नव्हता, श्रद्धेचा बंदोबस्त सरकारने हाती घेतल्यामुळे आला होता. आज सरकारने पुन्हा तो बंदोबस्त हाती घ्यावा असे म्हणणारे, गोव्यातून नेमका उलटा धडा घेत आहेत.

तर हॉल राहिले. नॉट प्रकृतीमुळे लवकरच मायदेशी गेले. न्यूएल सिलोनहून १८१४ मध्ये येऊन मिळाले. हॉल यांनी मराठी शिकायला घेतली आणि ती रस्त्यावर वापरली. देवळाजवळ, तळ्याच्या काठी, बाजारात, जत्रेत, जिथे चार माणसे जमतील तिथे ते उभे राहत. लोक ऐकत. प्रश्न विचारत. तुमचा देव दिसतो का? मग तो आहे हे कशावरून? आमच्या मूर्तीत तो नाही हे तुम्हाला कोणी सांगितले? पाप सगळ्यांचे त्याने घेतले म्हणता, मग आम्ही पुन्हा पाप केले तर त्याचे खाते कोण ठेवणार? हे असले प्रश्न त्या काळच्या मिशनरी लिखाणात वारंवार भेटतात, आणि विचारणारे शास्त्री असतात तसे तेली, कुणबी आणि बायकाही असतात. गोऱ्या माणसाला पाहून दबलेली ही माणसे नाहीत. कीर्तनात बुवांनाही शंका विचारायची सवय असलेल्यांची ही वस्ती आहे.

१८१५ मध्ये मिशनची पहिली शाळा सुरू झाली. पुढे त्या वाढत गेल्या. शिकवणारे बहुतेक आपलेच पंतोजी होते, हिंदू आणि ज्यू. १८१६ मध्ये होरेशियो बार्डवेल छपाईचे ज्ञान घेऊन आले, छापखाना बसला आणि १८१७ मध्ये पहिली आठ पानी मराठी पुस्तिका बाहेर पडली. देवनागरीचे खिळे जुळवणे हे रोमन लिपीसारखे सव्वीस अक्षरांचे काम नव्हे. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागतात, प्रत्येकाचे खण वेगळे, आणि एक वेलांटी तुटली की ओळ वाया. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२६ मध्ये मराठी नवा करार पूर्ण छापून झाला.

आणि बाप्तिस्मे? तेरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. १८१९ मध्ये कादर यार खान नावाच्या हैदराबादकडच्या एका मुसलमान गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला, त्याचीच केवढी अपूर्वाई झाली. ज्या कामासाठी हॉल आले होते त्या कामात, त्यांच्याच हिशेबाने, ते जवळजवळ अयशस्वी ठरले.

माझ्या मते त्यांच्या चरित्रातला सगळ्यात बोलका भाग हाच आहे. मराठी माणसांनी त्यांच्या शाळेत पोरे घातली, पुस्तके घेतली, औषधे घेतली, तासन्‌तास वाद घातला आणि धर्म मात्र घेतला नाही. बेने इस्रायली लोकांचे उदाहरण पाहा. कोकणात तेलघाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा छोटा समाज. मिशनऱ्यांना त्यांच्याविषयी विशेष आशा होती, कारण जुना करार दोघांचाही. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, मोठी माणसे शिक्षक झाली. पुढे मिशनऱ्यांमुळेच हिब्रूची आणि मराठीतल्या शास्त्रवचनांची ओळख वाढली. परिणाम काय झाला? हा समाज ख्रिस्ती झाला नाही. तो अधिक जाणता ज्यू झाला. शतकानुशतके तोंडी परंपरेवर टिकलेल्या लोकांच्या हाती त्यांचेच ग्रंथ आले, आणि त्यांनी ते आपल्या सभास्थानात नेले.

छापखान्याचेही तसेच. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून पाहून विद्या उचलली, स्वतःचे यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातल्या लोकांनी छापील पोथीला हात लावायला नकार दिला, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली असे सांगतात. त्याच मिशनच्या छापखान्यात, टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली, जावजी दादाजी नावाचा एक गरीब पोरगा महिना दोन रुपयांवर कामाला लागला. त्याने १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. वेद, स्मृती, काव्ये, पुराणे यांच्या ज्या देखण्या आवृत्त्या हिंदुस्थानभर आणि युरोपातही गेल्या, त्यांचे खिळे ओतणारा हात बायबल छापणाऱ्या कारखान्यात तयार झाला होता.

याचे श्रेय मिशनला द्यायचे की नाही, असा प्रश्न लगेच येतो. द्यायलाच हवे. पण हॉल समाजसुधारक होते, शिक्षणतज्ज्ञ होते, असे म्हणून त्यांना आपल्या पंक्तीला बसवणेही खोटेपणाचे आहे. आपल्याकडे ही दुसरी चूक पहिलीइतकीच होते. शाळा काढल्या म्हणून मिशनरी चांगले, धर्म सांगितला म्हणून वाईट, असे दोन तुकडे करून आपण सोयीचा तुकडा उचलतो. हॉल यांना हे तुकडे मान्य झाले नसते. त्यांनी शाळा काढली ती पोराला शुभवर्तमान वाचता यावे म्हणून, आणि त्यांनी ते लपवले नाही. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूएल यांनी मिळून लिहिलेले एक छोटे पुस्तक अमेरिकेत छापले गेले. त्यात साठ कोटी अख्रिस्ती लोकांचा हिशेब मांडला आहे: वीस हजारांमागे एक धरला तरी तीस हजार मिशनरी लागतील, ते पाठवा. आज हे गणित वाचताना मन उद्विग्न होते. त्या साठ कोटींत ज्ञानेश्वर-तुकारामांच्या अभंगांवर वाढलेली माणसे होती. पंढरीची वाट चालणाऱ्या कुणब्याला देवाविषयी काही कळत असेल ही शक्यताच त्या हिशेबात धरलेली नाही. हॉल यांनी मराठी शिकली, पण मराठी संतांकडून त्यांनी काही शिकल्याची खूण दिसत नाही. मूर्तिपूजा म्हणजे अंधार, इतकेच त्यांना दिसले. हा आंधळेपणा होता, आणि तो त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता. तो लपवून त्यांचा गौरव करणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना माझे एवढेच सांगणे आहे की असा गौरव त्यांना लहान करतो.

याच भूमीत ऐंशी-नव्वद वर्षांनी नारायण वामन टिळक उभे राहिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हॉल यांच्याच अमेरिकन मराठी मिशनबरोबर नगरला आयुष्य काढले, ओवी-अभंगांतून ख्रिस्त गायिला, आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. हॉल यांना जे दिसले नव्हते ते टिळकांनी दाखवले: तुकोबाच्या वाटेनेही ख्रिस्ताकडे जाता येते.

उपदेशाला समाजाने उत्तर कसे दिले, तेही पाहण्यासारखे आहे. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याशी मुंबईत जाहीर वाद घातला आणि मग आपली बाजू छापून काढली. विल्सन यांनी छापील उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला पाद्र्यांना गाठून वेदोक्त धर्माची बाजू मांडत आणि ऐकायला झुंबड उडे. बंदीची वाट पाहत हे दोघे बसले नाहीत. मराठी गद्य, मराठी वृत्तपत्रे, मराठी वादविवाद यांना धार आली ती या खणाखणीतून. जोतिराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४८ मध्ये नगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून आले, पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. ही फरारबाई १८२७ मध्ये, हॉल यांच्या पश्चात, याच मिशनने मुंबईला आणलेली. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ताविषयीचा आदर त्यांनी कधी लपवला नाही, आणि सत्यशोधक समाजाची वाट आपली आपण काढली.

सरकारचे यात काहीच काम नाही असे मात्र मी म्हणत नाही. १८४३ साली विल्सन यांच्या शाळेतल्या नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद बारा वर्षांचा होता, तोही मिशनच्या घरात राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने पोर वडिलांच्या हवाली केले. हे योग्यच झाले. अज्ञान मूल, जबरदस्ती, फसवणूक, इथे कायद्याने उभे राहिलेच पाहिजे. पण पुढचा प्रश्न कायद्याचा नव्हता: बाटलेल्या घरात राहून आलेल्या श्रीपादला जातीत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणाले, आणि सनातन्यांनी त्यासाठी त्यांचा छळ केला. पाद्र्याने नेलेल्या पोराला परत यायचे होते, दार लावून बसले होते ते घरचेच.

आमिषाचा मुद्दा राहतो, आणि तो मोठा आहे. कंपनीचे सुरुवातीचे धोरण पुढे बदलले. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला, १८५४ नंतर मिशनच्या शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले, गोऱ्या साहेबाचे आणि गोऱ्या पाद्र्याचे उठणे-बसणे एक झाले. दुष्काळांत नगर जिल्ह्यात मिशनने अन्न दिले, अनाथ पोरे सांभाळली, आणि त्यानंतर मंडळ्यांची संख्या वाढली. ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग बहुसंख्य होते. भाकरीसाठी धर्म विकला, असे सुखवस्तू घरात बसून सहज म्हणता येते. पण ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्याने त्याच्या पोराला शेजारी बसवून अक्षर शिकवणाऱ्याचा देव जवळ केला, तर त्यात आमिष कोणते आणि विवेक कोणता हे ठरवण्याचा अधिकार त्या विहिरीच्या मालकाला कसा पोचतो? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि मग एकवीस वर्षे विचार करून १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. धर्म बदलणे हा तोलूनमापून घेतलेला निर्णय असू शकतो, हे महाराष्ट्राला आणखी कोणी शिकवायला नको.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये धर्मप्रचाराच्या हक्कावर जोराची चर्चा झाली. विरोध झाला. कन्हैयालाल मुन्शींनी हक्काची बाजू घेतली. टी. टी. कृष्णम्माचारींनी स्वतः ख्रिस्ती संस्थांत शिकल्याचे सांगून, आपल्याला बाटवायचा प्रयत्न कुणी केला नाही, अशी साक्ष दिली. हा हक्क पंचविसाव्या कलमात आला, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालाशी भांडण करायचे कारण नाही. माणूस कुणी कुणाचा बदलत नाही, तो स्वतः बदलतो. पण त्या स्वतः बदलणाऱ्या माणसाचे काय? काही राज्यांच्या नव्या कायद्यांप्रमाणे त्याने साठ दिवस आधी अर्ज करायचा, चौकशीला सामोरे जायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपली श्रद्धा खरी असल्याचे सिद्ध करायचे, ही सक्ती उपदेशकावर पडत नाही. ती पडते दुबळ्या माणसावर. सवर्ण वकिलाला ती झेपेल. शेतमजूर बाईला झेपणार नाही.

१८२५ मध्ये हॉल यांनी पत्नी मार्गारेट आणि दोन मुलांना मुलांच्या प्रकृतीसाठी अमेरिकेला पाठवले. एक मुलगा समुद्रावरच गेला. तोवर मिशनचे लोक एकामागून एक गळाले होते: न्यूएल १८२१ मध्ये पटकीने, नंतर ठाण्याचे निकल्स, मग फ्रॉस्ट. हॉल यांना परत जाता आले असते. मार्च १८२६ मध्ये ते नाशिकला निघाले, पुस्तके आणि औषधे घेऊन. नाशकात पटकीने माणसे पटापट मरत होती. जवळची औषधे त्यांनी वाटून टाकली आणि परतीला लागले. वाटेत एका गावी देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. २० मार्चच्या पहाटे त्यांनाच पटकीने गाठले, आणि द्यायला औषध उरले नव्हते. बरोबरच्या दोन पोरांना त्यांनी धीर दिला, जमलेल्या गावकऱ्यांना शेवटचा उपदेश केला, आणि काही तासांत प्राण सोडला. वय एक्केचाळीस. पोरांनीच खड्डा खणून पेटीशिवाय त्यांना पुरले. ज्या मूर्तिपूजेला त्यांनी आयुष्यभर अंधार म्हटले, तिच्या देवळाने त्यांना अखेरचा आडोसा दिला होता आणि कुणी त्यांना तिथून उठवले नव्हते. त्या गावाला माझा नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आपल्या शालेय पुस्तकांत कंपनी आहे, पेशवाईचा अंत आहे, एल्फिन्स्टन आहे. मराठीत मुलांसाठी आणि मुलींसाठी शाळा उघडणारी, छापखाना घालणारी ही माणसे एखाद्या ओळीत उरकली जातात, आणि तीही ‘मिशनऱ्यांनी धर्मप्रसाराच्या हेतूने’ अशा शेऱ्यासह. हेतू सांगा, जरूर सांगा. मग कंपनी सरकारने त्यांना घालवायला काढलेला हुकूमही सांगा, त्यांचे तीस हजारांचे गणितही सांगा, बेने इस्रायलींनी आणि जावजींनी काय केले तेही सांगा. पोरांना पूर्ण गोष्ट पेलते.

दुसरी मागणी ख्रिस्ती मंडळ्यांकडे आहे. या मिशनची पत्रे आणि दप्तरे अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. त्या कागदांत दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईचे, ठाण्याचे, कोकणाचे, नगरचे बोलते लोक आहेत: त्यांनी विचारलेले प्रश्न, त्यांनी फेकलेले टोमणे, पंतोजींच्या तक्रारी, मुलीला शाळेत पाठवावे की नाही यावर घरात झालेली भांडणे. त्यातला आपल्या पूर्वजांविषयीचा तिरस्कारही जसाच्या तसा मराठीत यावा. मंडळ्यांतल्या जातीच्या बाकांविषयी जे लिहिले असेल तेही यावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि नगर-मुंबईच्या मंडळ्यांनी हे काम एकत्र घेतले तर पैसा फार लागणार नाही; लागतील ती इंग्रजी हस्ताक्षर वाचू शकणारी चार-सहा तरुण माणसे आणि काही वर्षांची चिकाटी.